सी. रामचंद्रांच्या ‘उडत्या’ तबकड्या

जुन्या मराठी घरांत ज्यांनी ग्रामोफोनच्या तबकड्या अजून जपून ठेवल्या आहेत, त्यांच्या कपाटात कै. सी. रामचंद्र यांची जागा बहुधा ठरलेली असते. वरच्या खणात बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई. त्याखाली ‘अनारकली’च्या दोन-तीन तबकड्या, ‘अलबेला’तील अंगाईची एक, आणि मागाहून आलेले ‘ऐ मेरे वतन के लोगो’. एवढ्यावर त्यांची ओळख पुरी होते. ‘गोरे गोरे’, ‘शोला जो भडके’, ‘ईना मीना डीका’ ही गाणी याच गृहस्थांची, हे सर्वांस ठाऊक असते. पण ती पोरांनी आणलेली, लग्नाच्या बॅण्डवाल्यांनी वाजवून वाजवून गुळगुळीत केलेली, म्हणून कपाटाबाहेर राहिली. वडीलधारी मंडळी त्यांना ‘उडती गाणी’ म्हणत. आज लिहावयाचे आहे ते या उडत्या गाण्यांविषयीच. कारण रामचंद्रांचे निम्मे आयुष्य त्यांत आहे, आणि त्यांच्या पाठीमागे बसून तुतारी फुंकणाऱ्या काही माणसांचे तर जवळजवळ सगळेच.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. गोदाकाठचे हे गाव वारकऱ्यांना चांगदेवांच्या समाधीमुळे माहीत आहे. मुलाचा गळा गोड. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यास पं. विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. विनायकबुवा मूळचे मिरजेचे, पलुसकरांचे शिष्य, ग्वाल्हेर गायकीचे खांब. त्यांची शिस्त आमच्या पेशात अजून सांगितली जाते. स्वर जागेवर हवा, ताल चोख हवा, बाकीचे नखरे नंतर. बुवांचा तराणा ज्यांनी ऐकला त्यांनी तो जन्मभर सांगितला. हा तराणा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

गायक होण्याऐवजी रामचंद्र नट व्हावयास निघाले. १९३५ साली वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ चित्रपटात ते नायक होते. चित्रपट चालला नाही. मग सोहराब मोदींच्या ‘मिनर्व्हा’त किरकोळ भूमिका, आणि त्यांतूनही वेळ उरे म्हणून तेथील संगीतकारांच्या हाताखाली पेटी वाजविणे. संगीत दिग्दर्शक म्हणून पहिले काम मिळाले ते तमिळ चित्रपटांत, आणि हिंदीत दार उघडले ते १९४२ च्या ‘सुखी जीवन’ने. तो चित्रपट भगवान पालव यांचा, म्हणजे सर्वांच्या मास्टर भगवान यांचा. एक कुस्तीचा शौकीन, दुसरा ग्वाल्हेर गायकीचा विद्यार्थी. पण या जोडीने नऊ वर्षांनी ‘अलबेला’ दिला. मधल्या काळात रामचंद्रांनी नावेही अनेक वापरली. कोठे राम चितळकर, कोठे अण्णासाहेब, कोठे श्यामू. गाताना मात्र नुसते चितळकर.

आता जरा रूळ बदलून बेळगावच्या पलीकडे, लोंढ्यावरून गोव्याच्या वाटेला जावे लागेल.

उत्तर कन्नड जिल्ह्याचा जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपा, हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. दाट अरण्य, काळी नदी, वस्ती विरळ, बोली बव्हंशी कोकणी. या तालुक्यात घाटमाथ्यावर कॅसलरॉक नावाचे स्टेशन आहे. मुरगाव बंदरापासून कुडचडे, कुळे, दूधसागर करीत चढणारी पोर्तुगिजांची मीटरगेज लाईन १८८० च्या दशकात येथे येऊन ब्रिटिश हद्दीतील लाईनला मिळाली. पोर्तुगीज राज्य खाली संपे, इंग्रजांचे येथे सुरू होई, आणि उतारूंची झडती, जकात, कागदपत्रे हे सोपस्कार या सीमेवर उरकत. मुंबईस जाणाऱ्या गोवेकरापुढे वाटा दोनच. पणजीहून आगबोट, किंवा ही गाडी; मग लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे. जोयड्याच्या जंगलातून जाणाऱ्या या वाटेने स्वयंपाकी गेले, आया गेल्या, खलाशी गेले, आणि काखेत व्हायोलिन किंवा ट्रम्पेटची पेटी घेतलेले वाजंत्रीही गेले. १९५५ साली या सीमेवरील वाहतूक बंद पडली, तोवर जावयाचे ते बहुतेक गेले होते.

ही माणसे मुंबईस इतकी उपयोगी का पडली, याचे कारण गोव्यातील चर्चच्या शाळांत आहे. तेथे मुलांना लहानपणापासून पाश्चात्य स्वरलिपी शिकवीत आणि व्हायोलिन हाती देत. पुढ्यात कागद ठेवला की तो पोरगा वाजवू लागे. आमच्याकडे मोठमोठ्या कलावंतांस ही विद्या नव्हती, आणि तिची गरजही कधी वाटली नव्हती. पण दहापंधरा जणांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर वाजवावयाचे असतील तर कागदावाचून भागत नाही.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी या निग्रो वादकाचा बॅण्ड आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास राहिला आणि १९४५ साली तेथेच पटकीने वारला. या लोकांच्या सहवासात गोवेकर वादकांनी जाझ उचलले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड त्यांत होते. त्यांचे गाव तर कॅसलरॉकच्याच लाईनवर. आणि हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ होते, ज्यांस सगळी मुंबई ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखे. जन्म १९१६ चा. ट्रम्पेट असे वाजवीत, आणि वाजवता वाजवता खरखरीत आवाजात असे गात, की लोकांनी त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग करून टाकले. ताजमध्ये त्यांचा स्वतःचा बॅण्ड होता. मग मुंबई सरकारने १९४९ चा दारूबंदी कायदा केला, हॉटेलांतील नाचाच्या रात्री ओसरल्या, आणि ज्या वादकांनी तोवर चित्रपटाच्या स्टुडिओत सवडीने पाऊल टाकले होते ते पोटासाठी तेथेच रमले.

याच सुमारास त्यांची गाठ चितळकर रामचंद्रांशी पडली होती. रामचंद्रांना बेनी गुडमन या अमेरिकन क्लॅरिनेटवादकाचे वेड होते. गुडमनने १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, म्हणजे तिकडच्या अभिजात संगीताच्या देवळातच, आपला बॅण्ड वाजविला होता. ज्याला तिकडील सभ्य लोक उडते म्हणत तेच संगीत तेथे शिष्टासनावर बसले. आपल्याकडे तसा दिवस उगवला नाही.

बिग बॅण्ड म्हणजे नुसती गर्दी, असा आपला एक समज आहे. वस्तुतः त्याची मांडणी फार नेटकी असते. एक फळी सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटची, दुसरी ट्रम्पेटची, तिसरी ट्रॉम्बोनची, आणि खाली लय सांभाळणारे चौघे : पियानो, गिटार, उभे बेस आणि ड्रम. एका फळीने ओळ टाकावी, दुसरीने ती झेलावी. पोवाड्यात शाहीर ओळ सोडतो आणि झीलकरी ती उचलून वर नेतात, त्याचाच हा पितळी प्रकार. आणि लय? केरव्याची एक मात्रा दोन अक्षरांत फोडली तर आपण ती अक्षरे सारखी ठेवतो. स्विंगमध्ये पहिले अक्षर लांब, दुसरे आखूड, साधारण दोनास एक या प्रमाणात. आणि जोर पहिल्या-तिसऱ्या टाळीवर न देता दुसऱ्या-चौथीवर. विद्यार्थ्यांस हे हाताने टाळी देऊन दाखविले तर पाच मिनिटांत कळते, आणि एकदा कळले की पाय स्वस्थ राहत नाही. ढोलकीच्या झुलत्या चालीवर वाढलेल्या मराठी कानाला यात परके वाटावे असे फारसे नाही.

गुडमनची पंधराएक माणसांची फौज प्रत्येक गाण्याला बोलावणे मुंबईच्या निर्मात्यांना परवडण्याजोगे नव्हते. रामचंद्रांनी तिचा अर्क काढला. १९४७ च्या ‘शहनाई’तील ‘आना मेरी जान’मध्ये शीळ आहे, विनोदी बोल आहेत, चितळकर स्वतः गायले आहेत, जोडीस मीना कपूर आणि शमशाद बेगम. १९४९ च्या ‘पतंगा’त रंगूनच्या टेलिफोनचे गाणे आले, ते शमशाद आणि चितळकर यांचे. १९५० च्या ‘समाधी’त ‘गोरे गोरे’. याची मूळ कल्पना कार्मेन मिरांडाच्या एका परदेशी चित्रपटगीतावरून उचललेली आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. पण उचलल्यावर त्यांनी ती लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या तोंडी सवाल-जवाबासारखी घातली, आणि ती आपल्या अंगणातली झाली. चोरी आणि घडण यांतील रेघ कोठे ओढावयाची यावर माझे आणि माझ्या काही मित्रांचे आजही एकमत नाही. माझे म्हणणे एवढेच, की नाट्यसंगीताच्या कित्येक चाली गावोगावच्या बायांकडून आणि कर्नाटकातून आल्या, त्या वेळी आपण हा हिशेब इतका कसोशीने मागितला नव्हता.

मग १९५१ चा ‘अलबेला’. ‘शोला जो भडके’ची तबकडी जिच्याकडे नसेल त्या घराने ती अवश्य मिळवावी. बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असा मेळ आहे. प्रत्येक वाद्य वेळेवर आत येते, आपले बोलून बाजूस होते, कोणी कोणाच्या पायात येत नाही. लता आणि चितळकर गात आहेत ती चाल मोजक्या स्वरांची आणि सरळ आहे. हे मुद्दाम आहे. चालीत मींड आणि कणस्वर फार असले तर त्याखाली पाश्चात्य सुरावटींचे थर लावता येत नाहीत. दोघांचे भांडण होते. रामचंद्र रागसंगीत शिकलेले असल्यानेच त्यांस कोठे काय गाळावयाचे हे कळत होते. त्या काळी गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दालनात, एका दमात ध्वनिमुद्रण करीत. एकाचा स्वर घसरला की पुन्हा पहिल्यापासून. साडेतीन मिनिटांच्या आत सर्व संपविले पाहिजे, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तेवढेच मावते. हे ध्यानात ठेवून ती तबकडी लावावी.

‘अलबेला’तच ‘दीवाना परवाना’ या गाण्यात चिक चॉकलेट आपल्या बॅण्डसह पडद्यावर दिसतात, झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांनी त्यांना पाहिले आहे. फक्त कोणास पाहिले हे ठाऊक नव्हते. कारण लेबल काढून पाहावे. चित्रपटाचे नाव आहे, गायकांची नावे आहेत, संगीतकाराचे आहे. ट्रम्पेट कोणाचे, क्लॅरिनेट कोणाचे, कागदावर वाद्यांच्या ओळी कोणी लिहिल्या, यांपैकी काही नाही. फ्रँक फर्नांडांनी अनिल विश्वास, रोशन, सी. रामचंद्र अशा कितीतरी संगीतकारांसाठी हे लिहिण्याचे काम केले. लेबलांवरून ते कोणास उमगणार नाही. दरबारातही गवई आणि बॅण्डवाले यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या असत. माझे वडील दरबारी गवई, त्यामुळे हा भेद आमच्या घरात कोणी शिकवावा लागला नाही. गवयाचे नाव बखरीत जाई, बॅण्डवाल्याचा गणवेश जामदारखान्यात.

याला एक छोटा अपवाद आहे आणि संग्राहकांनी तो शोधावा. त्याच १९५१ साली ‘नादान’ नावाचा चित्रपट आला. त्याचे संगीत चिक चॉकलेट यांचे आहे, आणि तलत महमूद यांनी त्यात गायिलेले ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ अतिशय हळुवार आहे. ताजमध्ये खरखरीत गळ्याने आर्मस्ट्राँग उभा करणाऱ्या माणसाने ही गझलेच्या वळणाची चाल बांधावी, हे ऐकून पटते. सांगून पटत नाही. याशिवाय इंग्रजी नाचाच्या वाद्यसंगीताच्या त्यांच्या काही तबकड्या ‘कोलंबिया’ने त्यांच्याच नावाने काढल्या होत्या. तेथे त्यांचे नाव ठळक आहे. गिऱ्हाईक वेगळे, म्हणून लेबल वेगळे. १९६७ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते वारले.

१९५२ नंतर या गाण्यांवर आणखी एक संकट आले. नभोवाणी मंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ, संगीताचे जाणकार. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांची जवळजवळ हकालपट्टी केली. जुन्या घरांतून त्याचे स्वागतच झाले. शास्त्रीय गायकांना त्यामुळे जी बैठक मिळाली ती खरी आहे, आणि आमच्यासारख्यांच्या चुली तिच्यावर पेटल्या हेही खरे. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला की मुले रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावू लागली. १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारला चित्रपटगीते परत आणावी लागली. त्याच वर्षी ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ आले.

हे गाणे किशोरकुमारांनी गायिले आहे, आणि आशा भोसले यांचेही एक आहे. शब्दांना अर्थ नाही. मुलांच्या खेळातील इंग्रजी मोजणीवरून सुरुवात सुचली, आणि रामचंद्रांचे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांनी मध्ये कोकणीतला एक साधा नकार घुसवून दिला. ‘मला नको’ असे म्हणावयाचे ते कोकणीत ज्या दोन शब्दांत म्हणतात, ते दोन शब्द. कॅसलरॉकच्या आसपासच्या कोणत्याही वाडीतील पोराला ते चटकन ऐकू येतील. उरलेला हिंदुस्थान ते निरर्थक समजून नाचला. अमेरिकन जाझमध्ये असे अर्थहीन बोल गाण्याची रीत आहे, तिला ते स्कॅट म्हणतात. येथे मला विनायकबुवांचा तराणा आठवतो. नादिर दानी, तोम तननन यांना कोणता कोशातला अर्थ आहे? बोलांनी लय चावावी, शब्दाने मध्ये येऊ नये, हे त्यामागचे तत्त्व. पुण्याच्या वर्गात ज्याने हे तत्त्व घोटून घेतले त्याला गोम्स यांच्याशी पटवून घ्यावयास वेळ लागला नसावा, असा माझा तर्क आहे.

याउलट ‘अनारकली’कडे पाहावे. १९५३ साल. ‘ये ज़िंदगी उसी की है’ भीमपलासाच्या अंगाने जाते, ‘जाग दर्द-ए-इश्क़ जाग’ बागेश्रीत आहे. वाद्यवृंद पातळ ठेवला आहे. पितळी फळी तर नाहीच. ‘अलबेला’ करून मोकळ्या झालेल्या माणसाने एवढा संयम ठेवणे सोपे नसते, कारण पदरात वादक असतात आणि ते सगळे वाजवावयास उत्सुक असतात. म्हणूनच केवळ ‘अनारकली’ जपणाऱ्यांनी रामचंद्रांना अर्धेच ऐकले असे मी म्हणतो. कोठे भरावयाचे हे ज्याला माहीत होते त्यानेच येथे रिकामे ठेवले आहे.

पुढचे आयुष्य भरभर सांगतो. १९५५ चे ‘आझाद’, १९५९ चे शांतारामबापूंचे ‘नवरंग’. लताबाईंशी मध्यंतरी दुरावा आला. तरी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंसमोर कवी प्रदीप यांचे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ त्यांनीच गायिले, चाल रामचंद्रांची. त्याच वर्षी ड्यूक एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन भारतात आला होता, पण तोवर मुंबईच्या चित्रपटात रामचंद्रांचा काळ ओसरत चालला होता. ते मराठीकडे वळले. स्वतःचे ‘धनंजय’ आणि ‘घरकुल’ काढले. १९७० च्या या ‘घरकुल’ची तबकडी काही घरांत आहे, ‘मलमली तारुण्य माझे’साठी. तिच्यातच ‘हाऊस ऑफ बांबू’ हे उडते गाणे आहे, ते लोक वगळून पुढे जातात. बावन्नाव्या वर्षी, मराठीत, स्वतःच्या पैशांवर चित्रपट काढतानाही त्यांनी ते गाणे सोडले नाही. १९७७ साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यावरून बरेच वादळ उठले. तो विषय येथे नको. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

कपाटात आता काय असावे, असे कोणी विचारील तर माझी निवड अशी. ‘शोला जो भडके’ आणि ‘दीवाना परवाना’ मूळ अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर. ‘गोरे गोरे’ही तशीच. ‘ईना मीना डीका’चे दोन्ही प्रकार. तलतचे ‘नादान’. या गाण्यांची बीजे कोठून आली हे कळण्यासाठी शेजारी गुडमनचे ‘सिंग, सिंग, सिंग’ आणि १९३८ च्या कार्नेगी हॉलच्या मैफलीचा लाँगप्ले. काऊंट बेसीचे ‘वन ओ’क्लॉक जंप’. आणि एलिंग्टनने आपल्या पूर्वेकडील दौऱ्यावरून रचलेला ‘फार ईस्ट सूट’, ज्यातील एका रचनेत दिल्लीची साळुंकी आहे. ग्लेन मिलरचे ‘इन द मूड’ सर्वांकडे असते, ते वेगळे सांगावयास नको.

अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या लाखेच्या. त्या आडव्या रचल्या की खालच्या पिचकतात, म्हणून उभ्या ठेवाव्यात. पुसताना स्पिरिट कदापि लावू नये, लाख विरघळते. लाँगप्लेची बारीक सुई या रुंद खाचांत चालत नाही, निराळी जाड सुई मिळते ती घ्यावी; आणि चावीच्या फोनोवर लावावयाची असेल तर दर बाजूस नवी पिन.